गेम कंपनीत नोकरी लागते म्हणजे काय?

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला. मुलीला पुण्याच्या गेम कंपनीत नोकरी मिळणार, त्यासाठी आधी चाळीस हजार रुपये भरायचे, असं त्यात लिहिलं होतं. एक मावशी लगेच म्हणाल्या, "रमीपायी गावातली पोरं बुडाली, आता पोरीलाही त्यातच घालता का?" अर्ज बाजूला ठेवून आम्ही आधी माहिती काढली. तीच आज सांगतो.

पहिली गोष्ट, पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा केंद्र सरकारनं ऑगस्ट 2025 मध्ये केला. आपण बोलतोय ते सिनेमासारखे, गोष्ट असलेले व्हिडिओ गेम. पुण्यात असे गेम तयार होतात. तिथल्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीनं 2020 मध्ये 'राजी' हा गेम आणला. भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती गोष्ट आहे. कंपनीच्या संस्थापकांमध्ये श्रुती घोष ही एक बाईच आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचंही पुण्यात मोठं ऑफिस आहे.

तिथं कामं कोणती असतात? कुणी चित्रं काढतं, कुणी त्या चित्रांना चालतं-बोलतं करतं, कुणी संगणकाचा प्रोग्राम लिहितं, कुणी खेळाचे नियम ठरवतं. आणि एक काम चुका शोधायचं. त्याला टेस्टर म्हणतात. टेस्टर दिवसभर मजेत खेळत बसत नाही. एकच दार शंभर वेळा उघडून बघायचं आणि लिहायचं: काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. आपल्या हिशोबात दहा रुपयांचा फरक आला की आपण सगळ्या पावत्या पुन्हा लावतो ना, तसंच हे.

मुलाखतीत "मला गेम आवडतात" एवढ्यावर भागत नाही. चित्रांचं काम हवं असेल तर स्वतः केलेलं काम दाखवावं लागतं. दहा साधी चित्रं दाखवण्यापेक्षा तीन चांगली दाखवावीत. बऱ्याच ठिकाणी परीक्षा म्हणून छोटं काम करून मागतात. मग विचारतात, हे असंच का केलं? काम स्वतःचं असेल तरच उत्तर देता येतं. थोडं इंग्रजी लागतं, कारण बरंचसं काम परदेशातल्या लोकांबरोबर चालतं.

अडचणीही ऐका. गेम पूर्ण व्हायला वर्षं जातात, आणि हातातलं काम निघूनही जातं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या जुन्या गेमचं नवं रूप युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या ऑफिसात चाललं होतं. 2022 मध्ये ते काम कॅनडातल्या ऑफिसकडे गेलं. म्हणून नोकरी कायम आहे की कराराची, हे आधीच विचारावं. गेम द्यायची तारीख जवळ आली की रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं. तेव्हा घरी परतायची सोय काय, तेही विचारावं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी महिलांच्या तक्रारीसाठी समिती हवीच, हा 2013 चा कायदा आहे.

आता त्या चाळीस हजारांचं. नोकरी देणारा पगार देतो, पैसे मागत नाही. अनामत, नोंदणी, प्रशिक्षण असं काहीही नाव दिलं तरी नोकरीसाठी पैसे भरू नका. आम्ही त्या ताईंना सांगितलं, मागणाऱ्याकडून कंपनीच्या लेटरहेडवर लिहून आणा. ताईंनी तसं विचारलं, तर त्या माणसानं पुन्हा फोनच उचलला नाही.

मुलगी दोन दिवस रडली. मग गटानं ठरवलं, कर्ज द्यायचं, पण जुन्या संगणकासाठी, आणि ताईंना झेपेल तेवढ्या हप्त्यावर. चित्रं हलती करायचं ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सध्या ती घरीच ते शिकते आहे. परवाच्या बैठकीत तिनं स्वतः तयार केलेली एक शेळी दाखवली. शेळी चालताना थोडी लंगडत होती. मावशींनीच ते ओळखलं, "मागचा पाय बघ गं पोरी." तिनं ते वहीत लिहून घेतलं.

तुमच्या गटात असा अर्ज आला तर पैसे कुणाला आणि कशासाठी द्यायचेत, एवढं आधी विचारा.