गाणं वाजतं, फोन मुका

शिंदखेड्याहून चिमठाणे-सोनगीरमार्गे धुळ्याला निघालेल्या गाडीत अहिराणी गाणं झकास वाजत असतं. तेवढ्यात सुरतहून, उधन्यातल्या भावाचा फोन येतो. गाणं थांबतं, पडद्यावर नाव झळकतं, हिरवं बटण दाबलं जातं आणि पुढे सगळं शांत. भाऊ तिकडून ‘आयकू येस का?’ म्हणून ओरडतोय, पण तो आवाज शर्टाच्या खिशातून येतोय. मग ठरतं, की ‘ब्लूटूथ गेलं’, आणि धुळ्यात नव्या स्टिरिओचे भाव विचारले जातात.

बहुतेक वेळा ब्लूटूथ शाबूत असतं. गाणं आणि फोन, दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. गाणं एकाच दिशेने, फोनकडून गाडीकडे जातं. त्या पद्धतीचं नाव ए-टू-डी-पी. बोलणं दोन्हीकडून चालतं, तेही तत्क्षणी, म्हणून त्यासाठी एचएफपी ही दुसरी पद्धत. एक चालू आणि दुसरी बंद, असं सहज होऊ शकतं. अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावाशेजारचं चाक दाबलं की ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया’ अशी दोन वेगळी बटणं दिसतात. पहिलं बंद असेल, तर तुमचं निदान तिथेच झालं. आयफोनवाल्यांनी ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मधल्या ‘टच’खाली ‘कॉल ऑडिओ राउटिंग’ बघावं.

बटण चालू असूनही आवाज नाही? बऱ्याच गाड्यांत कॉलचा आवाज गाण्याच्या आवाजापासून वेगळा लक्षात ठेवला जातो. कोणीतरी तो कधीतरी शून्यावर आणलेला असतो. तो कॉल चालू असतानाच वाढवावा लागतो. एरवी बटण फिरवून फक्त गाणं मोठं होतं. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ किंवा कानातले बड्सही कॉल पळवतात. व्हॉट्सअ‍ॅप कॉल तर काही जुन्या सेटांना ओळखूच येत नाहीत.

आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, ही तक्रार मात्र बिघाडाची असेलच असं नाही. जुन्या पद्धतीत कॉलचा आवाज सेकंदाला 8 हजार नमुन्यांत मावतो. 2011च्या एचएफपी 1.6 पासून 16 हजारांची सोय झाली, पण फोन आणि गाडी दोघांकडे ती हवी. गाण्याला याहून बरेच जास्त नमुने मिळतात.

आता आपल्याकडची खरी भानगड. जुनी गाडी घेऊन तिच्यात बाहेरून मोठ्या पडद्याचा स्टिरिओ बसवायचा, ही पद्धत सर्रास आहे. त्या सेटच्या तोंडावर टाचणीएवढं एक भोक असतं, तो माइक. अनेक सेटांबरोबर वायरवाला वेगळा माइकही येतो. घाईत बसवणारा तो डॅशबोर्डच्या मागे तसाच सोडून देतो, किंवा डब्यातून काढतच नाही. मग तुम्हाला पलीकडचं लख्ख ऐकू येतं आणि पलीकडच्याला ऐकू येतो एसीचा वारा. हा माइक स्टिअरिंगच्या वर, सन व्हायझरजवळ लावून घेतला, की निम्म्या तक्रारी मिटतात असं माझं मत. पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल, तर दोष त्याच्या नव्हे, तुमच्या गाडीत: स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतोय. आवाज थोडा कमी करा.

बोलणं तुटत असेल, तर गाडी बाजूला घेऊन कॉल हँडसेटवर घ्या. तरीही तुटतं? मग टॉवर शोधा, ब्लूटूथला बोल लावू नका. गाडी बाजूला घेणं मात्र मनावर घ्याच. चालवताना फोन हातात धरला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली पहिल्याच वेळी 1 ते 5 हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय कैदेचीही तरतूद आहे.

काहीच लागू पडलं नाही, तर जोडणी दोन्हीकडून पुसावी. फोनमधून गाडी काढली, पण गाडीच्या यादीत जुना फोन राहिला, असं अर्धवट काम करू नये. मग नव्याने जोडताना फोन जी परवानगी मागतो ती वाचून द्या. ‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी, कारण त्यात घरच्या वायफायचा पासवर्डही उडतो.

नवा स्टिरिओ घ्यायचाच ठरला, तर माइक कुठे बसवणार हे आधी विचारा. बसवून झाल्यावर दुकानासमोरच इंजिन आणि एसी चालू ठेवून घरी फोन लावा, आणि घरचे काय म्हणतात ते ऐकून मग पैसे द्या.