आभासी संगणक : साठवण व यंत्रसामग्री

आभासी संगणक : एका प्रत्यक्ष संगणकाच्या प्रोसेसर, स्मृती, हार्ड डिस्क आणि जालजोडणी या साधनांची आज्ञावलीच्या साहाय्याने विभागणी करून निर्माण केलेला स्वतंत्र संगणक. त्यास व्यवहारात व्हर्च्युअल मशीन असे म्हणतात. असे अनेक संगणक एकाच यंत्रावर एकाच वेळी चालतात. प्रत्येकाची परिचालन प्रणाली वेगळी असू शकते व एक बंद पडला तरी इतर चालू राहतात. ही विभागणी करणाऱ्या आज्ञावलीस हायपरव्हायजर, प्रत्यक्ष यंत्रास यजमान आणि त्यावरील आभासी संगणकांस पाहुणे अशा संज्ञा आहेत. या पद्धतीने यंत्रांची संख्या, वीज व जागा यांची बचत होते. परंतु पूर्वी चार यंत्रांत वाटला गेलेला धोका एका यंत्रात एकवटतो. म्हणून यजमान यंत्राची आणि विशेषतः साठवणीची निवड महत्त्वाची ठरते. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे या तालुक्यांतील कारखाने, सहकारी संस्था व कार्यालये यांच्या परिस्थितीच्या आधारे या निवडीची तत्त्वे येथे दिली आहेत. [⟶ संगणक].

इतिहास : आभासी संगणकाची कल्पना आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील केंद्रात १९६० नंतरच्या दशकात प्रत्यक्षात आली. १९७२ मध्ये त्या कंपनीने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. एखाद्या प्रोसेसरवर आभासी संगणक चालण्यासाठी कोणत्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, हे पोपेक व गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडले. लहान संगणकांचे प्रोसेसर या अटी पूर्णपणे पाळत नव्हते. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये ही अडचण आज्ञावलीच्या युक्तीने दूर केली, तर २००५–०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी आपल्या प्रोसेसरांतच त्यासाठी सोय केली. झेन (२००३), केव्हीएम (२००७) व हायपर-व्ही (२००८) हे इतर प्रमुख हायपरव्हायजर होत. भारत शासनाने २०१४ मध्ये मेघराज ही शासकीय कार्यालयांसाठीची सामाईक संगणकसेवा सुरू केली. तिचा पायाही आभासी संगणक हाच आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर कंपनी ब्रॉडकॉमकडे गेली. त्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबून मुदतीच्या वर्गणीची पद्धत आली. त्यामुळे अनेक लहान संस्था केव्हीएमवर आधारलेल्या प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्त प्रणालींकडे वळल्या. यंत्र घेताना केवळ किंमत न पाहता पाच वर्षांचा परवाना-खर्चही हिशेबात धरणे त्यामुळे आवश्यक झाले आहे.

गरजेचा अंदाज : प्रथम कामांची यादी करतात. रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीतील मध्यम आकाराच्या रासायनिक कारखान्यात साधारणपणे हिशेब, उपस्थिती व वेतन, कार्यालयीन दप्तर आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांच्या नोंदी अशी चार कामे असतात. त्यांना अनुक्रमे १६, ८, ८ व १६ गिगाबाइट स्मृती दिली, तर बेरीज ४८ होते. यजमानासाठी ८ धरल्यास ५६ गिगाबाइट लागतात. ६४ गिगाबाइटचे यंत्र घेतल्यास वाढीला जागा उरत नाही. म्हणून ९६ किंवा १२८ गिगाबाइट घेणे योग्य. प्रोसेसरचा वेळ पाहुण्यांमध्ये आळीपाळीने वाटता येतो. स्मृती मात्र तशी वाटता येत नाही. यामुळे बहुधा प्रोसेसरच्या आधी स्मृती अपुरी पडते. स्मृतीतील चुका आपोआप दुरुस्त करणारी, ईसीसी प्रकारची स्मृती घ्यावी, कारण एका यजमानातील चूक सर्व पाहुण्यांच्या नोंदींत शिरू शकते.

पेण व त्याच्या परिसरातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत मागण्यांची नोंद, जमाखर्च व परगावी पाठवणी यांचे काम भाद्रपदापूर्वीच्या महिन्यांत वाढते. अशा हंगामी कामात आभासी संगणकाला तेवढ्या काळापुरती अधिक स्मृती देता येते. तथापि ज्या कारखान्यात एकाच संगणकावर एकच हिशेबाची आज्ञावली चालते, तेथे एक साधा संगणक आणि नियमित बॅकअप पुरेसा असतो. आभासी संगणकाचा खर्च तेथे अनाठायी होय.

साठवण : साठवणीत आकारमानापेक्षा गती अधिक महत्त्वाची ठरते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये अर्ध्या फेऱ्यास सु. ४·२ सहस्रांश सेकंद व शीर्ष जागेवर नेण्यास सु. ८ सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे विखुरलेल्या ठिकाणची माहिती ती सेकंदाला जेमतेम ८० वेळा वाचू शकते. एका संगणकाला हे पुरते. परंतु सकाळी चार पाहुणे एकदम सुरू झाले, की शीर्ष सतत इकडून तिकडे धावत राहते आणि सर्वच कामे मंदावतात. फिरते भाग नसलेली एसएसडी हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. म्हणून पाहुण्यांच्या मुख्य साठवणीसाठी एसएसडी आणि जुन्या नोंदी व बॅकअप यांसाठी हार्ड डिस्क, अशी विभागणी किफायतशीर ठरते.

एसएसडीतील पेशींवर ठराविक वेळाच लिहिता येते. घरगुती आणि सर्व्हरसाठीच्या एसएसडींतील मोठा फरक या लेखनमर्यादेत असतो. शिवाय सर्व्हरसाठीच्या अनेक एसएसडींत धारित्रे बसवलेली असतात. वीज अचानक गेली तरी लिहिली जात असलेली माहिती ती सुरक्षितपणे पूर्ण करतात. जेथे वीज वारंवार खंडित होते, तेथे या गुणाला किंमत देणे योग्यच आहे.

एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहावे म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडतात. या रेड नावाच्या पद्धतीची मांडणी पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये केली. रेड-१ मध्ये प्रत्येक माहितीच्या दोन प्रती दोन डिस्कवर असतात. रेड-१० मध्ये अशा अनेक जोड्या असतात. रेड-५ मध्ये एका डिस्कएवढीच जागा संरक्षणासाठी खर्च होते. परंतु प्रत्येक लहान लेखनासाठी दोन वाचने व दोन लेखने करावी लागतात. त्यामुळे चार हार्ड डिस्कच्या रेड-५ संचात सेकंदाला सु. ८०, तर रेड-१० संचात सु. १६० लेखने होतात. दुसरा धोका पुनर्रचनेचा आहे. ८ टेराबाइटची बिघडलेली डिस्क बदलल्यावर सेकंदाला १५० मेगाबाइट गतीने नवी डिस्क भरण्यास सु. १५ तास लागतात. त्या काळात रेड-५ मधील आणखी एक डिस्क बिघडल्यास सर्व माहिती नष्ट होते. म्हणून लहान कार्यालयास रेड-१ किंवा रेड-१० श्रेयस्कर.

साठवण यजमान यंत्रातच ठेवावी की जालावरील वेगळ्या साठवणयंत्रात, हा प्रश्न दोन किंवा अधिक यजमान असतील तेव्हा उद्भवतो. सामाईक साठवण असल्यास एका यजमानावरील पाहुणा दुसऱ्यावर चटकन हलवता येतो. परंतु ते साठवणयंत्र बंद पडल्यास दोन्ही यजमान निरुपयोगी होतात. शिवाय १ गिगाबिटच्या जालातून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट माहिती जाते; त्यामुळे १० गिगाबिटचे जाल घ्यावे लागते. लहान संस्थेसाठी दोन यजमानांत स्वतंत्र साठवण ठेवून एकाची प्रत ठराविक वेळाने दुसऱ्यावर पाठवणे सोपे व स्वस्त पडते. मात्र प्रत्येक यजमान एकटा सर्व पाहुण्यांचा भार पेलू शकेल एवढा मोठा हवा.

वीज, हवामान व जागा : यूपीएसचे काम यंत्र तासन्‌तास चालवणे हे नसून ते व्यवस्थित बंद करण्यास वेळ देणे हे आहे. वीज जाताच प्रथम पाहुणे व नंतर यजमान आपोआप बंद व्हावेत, अशी रचना करून ती प्रत्यक्ष तपासावी लागते. दीर्घकाळासाठी जनित्र लागते.

कोकणातील पावसाळी हवेत आर्द्रता फार असते. रासायनिक वसाहतीच्या हवेत गंधकाची किंवा क्लोरिनची संयुगे असल्यास दमट हवेत तांब्याचे व चांदीचे जोड गंजतात आणि यंत्रे अकाली बिघडतात. म्हणून सर्व्हरची खोली बंदिस्त, वातानुकूलित व प्रयोगशाळेपासून दूर असावी. यंत्रात शिरणारी हवा १८° ते २७° से. तापमानाची असावी. कुंडलिका व अंबा या नद्यांना पावसाळ्यात पूर येतात. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्यात मोठी जीवितहानी झाली. नदीकाठच्या वस्तीत सर्व्हर तळमजल्यावर ठेवणे धोक्याचे होय. पावसाळ्यात मुंबईहून सुटा भाग येण्यास विलंब होऊ शकतो; म्हणून एक डिस्क व एक वीजपुरवठा-संच जवळ ठेवतात.

बॅकअप : रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली किंवा खंडणीखोर आज्ञावलीने कुलूपबंद केलेली फाइल सर्व डिस्कवर तत्क्षणी तशीच होते. पाहुण्याची क्षणप्रतिमाही मूळ डिस्कवरच असते. डिस्कबरोबर तीही जाते. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दूरच्या ठिकाणी, असा नियम रूढ आहे. ‘दूर’ म्हणजे किती, हे ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दाखवून दिले. रायगड जिल्ह्यात घरांची व विजेच्या खांबांची मोठी हानी झाली आणि अनेक गावांचा वीजपुरवठा कित्येक दिवस बंद राहिला. रोह्याची प्रत पेणला ठेवल्यास आगीपासून संरक्षण मिळते. वादळापासून ते मिळेलच असे नाही. तिसरी प्रत सह्याद्रीपलीकडे, उदा., पुण्यास असणे इष्ट. एक प्रत जालापासून पूर्णपणे तोडून ठेवावी.

कायद्याच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर २०२२ च्या नियमदुरुस्तीने आले, तर वस्तू व सेवा कराच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात.

बॅकअप घेतला एवढ्याने काम संपत नाही. त्यावरून पाहुणा पुन्हा उभा करून पाहणे, त्यास लागलेला वेळ नोंदवणे आणि ही चाचणी ठराविक काळाने करणे आवश्यक असते. न तपासलेल्या प्रतीतील दोष बहुधा तिची गरज पडते त्याच दिवशी उघड होतो. त्या दिवशी कामगारांचे वेतन, ग्राहकांची येणी आणि चाचण्यांचे दाखले त्या एका प्रतीवरच अवलंबून असतात. म्हणून मर्यादित रकमेत खरेदी करताना अधिक वेगवान प्रोसेसरपेक्षा दुसरी डिस्क, यूपीएस आणि दूरची प्रत यांना अग्रक्रम देणे हिताचे ठरते.