पिठ्या ढेकूण आणि त्याचा वैरी

कोराडीच्या परिसरात कपाशीच्या किंवा जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर कधी पीठ सांडल्यासारखे दिसते. ते पीठ नव्हे. तो पिठ्या ढेकूण! खाटेतील ढेकणाशी त्याचे नाते दूरचे. अंगावरील मेणचट भुकटीमुळे फवारलेले औषध त्यास सहसा बाधत नाही. तो झाडाचा रस शोषतो व गोड चिकटा टाकतो. त्या चिकट्याच्या लोभाने मुंग्या त्याची राखण करतात.

कपाशीवरील ही जात मूळची अमेरिकेतील. २००५ नंतर तिने भारतात कपाशीची दैना केली. पण २००८ मध्ये शेतांत तिचा वैरी आढळला : गांधीलमाशीच्या कुळातील, सुमारे २ मिलिमीटर लांबीचा एनासियस. याची मादी ढेकणाच्या अंगात अंडे घालते. अळी त्याला आतून पोखरते. ढेकूण तपकिरी व टणक होतो आणि गोल भोक पाडून नवा एनासियस बाहेर पडतो. घाईने विष फवारले, तर ढेकणाआधी हाच मरतो. म्हणून जाणता शेतकरी आधी तपकिरी ढेकूण किती आहेत, ते पाहतो.