आधी रूळ, मग इंजिन
आपल्या वर्धा जिल्ह्यातील पुलगाव–आर्वी ही अरुंद रुळांची गाडी केव्हाच थांबली. नातवाला ती दाखविण्याची इच्छा मनातच राहिली. पुण्यात कोथरूडला १९९८ साली खुले झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय त्याने पाहिले आणि हट्टाने विजेवर चालणारी छोटी गाडी घेतली. पावसाळ्यानंतर ती अडखळू लागली. ‘आता नवीनच घ्या’, असा सल्ला घरातून मिळाला. मी मात्र बँकेतील जुन्या सवयीप्रमाणे, हिशेब जुळेना तर आधी साधी बेरीज तपासावी, तसा रुळांपासून आरंभ केला.

अशा गाडीला साधारणतः १२ व्होल्टपर्यंतचा प्रवाह रुळांतून चाकांमार्फत मिळतो. रुळांवर काळपट थर चढला की तो खंडित होतो. म्हणून प्रथम वीज बंद करावी. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ व चाके पुसावीत. खरखरीत पॉलिशकागद वापरू नये. ओरखड्यांत मळ अधिक साचतो. नंतर रुळांचे सैल सांधे घट्ट करावेत, आसांत गुंतलेले केस व धागे चिमट्याने काढावेत. दातेरी चाकांना तेलाचा एकच थेंब पुरे. इंजिन उघडावे ते सर्वांत शेवटी.

आमचे इंजिन उघडावेच लागले नाही. आता दर रविवारी फडके घेऊन रुळांपाशी नातूच बसतो.