सकाळी सांधे किती वेळ आखडतात?

सांधेदुखीच्या निदानात हा प्रश्न मोलाचा आहे. सांधे अर्ध्या तासाच्या आत मोकळे होत असतील आणि जिना चढता-उतरताना गुडघा दुखत असेल, तर बहुधा झीज असते. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन कमी करणे हा तिचा मुख्य उपचार. तासाहून अधिक आखडलेपणा आणि दोन्ही हातांच्या बोटांच्या सांध्यांना सूज असेल, तर आमवाताची शंका घेऊन रक्त तपासतात. औषधे लवकर सुरू झाली तर सांधे वाकडे होणे टळू शकते. एकच सांधा अचानक सुजून लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका; त्यांनी जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.