बार हार्बरचे लठ्ठ उंदीर

अमेरिकेच्या मेन राज्यात समुद्राकाठी बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली एक विलक्षण लठ्ठ उंदीर आढळला. त्याच्या वाणाचे उंदीर खात सुटायचे आणि भावंडांच्या तिप्पट वजनाचे व्हायचे. मुळात प्रयोगशाळा तेव्हा पुन्हा उभी होती हेच नवल. ऑक्टोबर १९४७च्या वणव्यात तिथले हजारो उंदीर जळून गेले होते. पूर्वी ज्या संस्थांनी तिथून उंदीर नेले होते, त्यांनी त्यांचीच पिल्लावळ परत पाठवली, म्हणून काम पुढे चाललं. विज्ञानाच्या इतिहासातलं हे सौजन्य फारसं सांगितलं जात नाही. ते सांगायलाच हवं.

१९६६ साली तिथूनच दुसऱ्या एका वाणाची नोंद झाली. हे उंदीर लठ्ठ होते आणि शिवाय मधुमेहीही.

कॅनडातून आलेले जीवरसायनशास्त्रज्ञ डग्लस कोलमन यांनी यानंतर जे केलं, त्याला तोड नाही. त्यांनी दोन उंदरांची शरीरं शस्त्रक्रियेने जोडली, एकाचं रक्त दुसऱ्यात खेळू दिलं. मधुमेही लठ्ठ उंदराला निरोगी उंदीर जोडला, तेव्हा निरोगी उंदराने खाणंच सोडलं. समोर अन्न असताना तो उपासमारीने मेला. लठ्ठ जोडीदार मात्र खातच राहिला. मग पहिल्या वाणाचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडला. लठ्ठाचं खाणं कमी झालं. शेवटी दोन्ही वाणांचे लठ्ठ एकमेकांना जोडले, आणि पहिल्या वाणाचा उंदीर उपाशी मेला.

कोलमननी काढलेला अर्थ असा: रक्तात ‘पुरे’ सांगणारं काहीतरी फिरतं. पहिल्या वाणाला ते तयार करता येत नाही. दुसऱ्याला ते भरपूर तयार होऊनही कळत नाही. लठ्ठपणा हा वागण्याचा दोष मानला जाण्याचे ते दिवस होते. कोलमनच्या सहकाऱ्यांनाही हे सहजी पटलं नाही. तो पदार्थ हाती लागायला १९९४ साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने जनुक शोधलं. त्यापासून चरबीच्या पेशी जे संप्रेरक बनवतात, ते लेप्टिन.

लेप्टिन निरोप आणतं, अंमलबजावणी मेंदूतली पेप्टाइडं करतात. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाच्या तळाशी असलेल्या पेशींचा एक गट न्यूरोपेप्टाइड वाय सोडतो. ही ३६ अमिनो आम्लांची साखळी, १९८२मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळी केलेली. पोट भरलेल्या उंदराच्या मेंदूत ती टोचली तरी तो पुन्हा खायला लागतो. शेजारच्या गटातलं १३ अमिनो आम्लांचं अल्फा-एमएसएच भूक शमवतं. लेप्टिन पहिल्याला आवरतं, दुसऱ्याला चेतवतं.

पण खरी गंमत पुढे आहे. पहिल्या वाणाच्या या लठ्ठ उंदरांचं अंग थंड असतं. ४ अंश सेल्सियसच्या गारठ्यात ठेवले तर ते काही तासांत दगावतात. अंगावर चरबीचा एवढा साठा, तरी थंडीने मरण! लेप्टिनच नसल्यामुळे मेंदूला वाटतं, शरीर उपाशी आहे. मग तो भूक वाढवतो आणि उष्णतेवरचा खर्चही कापतो. न्यूरोपेप्टाइड वाय दोन्ही कामं करतं: खायला लावतं आणि उष्णता निर्माण करणाऱ्या तपकिरी चरबीला मंदावतं. १९९५ साली या उंदरांना लेप्टिन टोचलं, तेव्हा त्यांचं खाणं घटलं आणि शरीराचं तापमान वाढलं.

माणसांतला पुरावा १९९७मध्ये केंब्रिजमधल्या संशोधकांनी मांडला. एकाच कुटुंबातल्या दोन लहान चुलत-मावस भावंडांमध्ये लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. त्यांची भूक भागतच नसे. पुढे ९ वर्षांच्या एका मुलीला रोज लेप्टिनची इंजेक्शनं दिली; वर्षभरात तिचं वजन १६ किलोंहून अधिक उतरलं. अशा मुलांना ‘जरा आवरतं घे’ म्हणून दटावणं केवढं निष्ठुर होतं, हे त्या उपचाराने दाखवून दिलं.

बहुतेक लठ्ठ माणसांत मात्र लेप्टिन भरपूर असतं. मेंदू त्याला दाद देत नाही. त्यामुळे नुसतं लेप्टिन टोचून भागत नाही. २०२० साली अमेरिकेत सेटमेलॅनोटाइड या औषधाला मंजुरी मिळाली. अल्फा-एमएसएच पेशीवरच्या ज्या ग्राहीला जाऊन चिकटतं, त्याच ग्राहीवर ते काम करतं, आणि भुकेच्या या निरोप-साखळीतली एखादी कडी जन्मतः सदोष असलेल्या मोजक्या रुग्णांची भूक त्यामुळे आटोक्यात येते.