न्यूयॉर्क किती दूर?

धाकटा भाऊ नोकरीसाठी तिकडे गेल्यापासून आमच्या पुण्याच्या घरात हा प्रश्न सतत विचारला जात असे. पुस्तक सांगते, मुंबईहून सुमारे १२,५०० किलोमीटर. पण आमच्या अप्पांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकविलेला. एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान कसे व्हावे?

एकदा त्यांनी मला भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवायला लावली. रेघ अरबस्तान, इजिप्त, सहारा ओलांडून अटलांटिकमध्ये उतरली. "चूक!" अप्पा म्हणाले. मग त्यांनी पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला. तो अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलंड असा उत्तरेकडून गेला! गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की जवळची वाट लांबची भासते. अर्थात वारा कसा आहे, कोणत्या देशाचे आकाश खुले आहे, हे पाहून विमाने या दोऱ्याच्या अलीकडून-पलीकडून जातात.

१९६० साली एअर इंडियाची विमाने लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. आता न थांबताही जाता येते. ताशी ९०० किलोमीटर धरले तर १४ तास. पण जाताना १५-१६ लागतात. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ते जाणाऱ्याला अडवतात आणि घरी येणाऱ्याला पुढे ढकलतात.

२०२४ च्या जानेवारीत अप्पा रुग्णालयात होते. "भावाला बोलावून घ्या," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. सोमवारी तिथल्या दुपारी बाराला त्याचे विमान सुटले.

"पोचेल कधी?" अप्पांनी डोळे मिटूनच विचारले.

"चौदा तासांनी. म्हणजे पहाटे दोनला."

"तिथल्या घड्याळात! साडेदहा तास मिळव. मंगळवारी दुपारी साडेबारा."

प्राध्यापक झालो तरी भूगोलात मी नापासच! रात्रभर ते विचारीत होते, "आता कुठे?" मी मनातल्या मनात दोऱ्यावरून बोट फिरवीत सांगत होतो, "आइसलंड... फिनलंड... आता रशिया." विमान खरोखर कुठे होते, देव जाणे.

साडेबाराला ते मुंबईत उतरले. पुढचे दीडशे किलोमीटर मात्र कोणत्याच गणितात बसेनात. भाऊ आला तेव्हा सहा वाजून गेले होते. अप्पांनी आधी त्याच्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे.

"घाटात अडकलास ना?" एवढेच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ते गेले.

मी मराठी शिकवतो. आपल्या भाषेत 'अंतर' म्हणजे लांबी, आणि 'अंतर' म्हणजे मनही. 'अंतर देऊ नकोस' हे कितीदा वर्गात समजावून सांगितले असेल! त्या रात्री ते मला समजले.

परवा दिवाळीच्या साफसफाईत पृथ्वीचा गोल पुसायला घेतला. दोरा अजून तसाच होता. मी तो सोडू लागलो, तर आई म्हणाली, "राहू दे रे. त्याला यायचंय ना?"